थंड पेल्यातील दाह

हिवाळ्यात नंदुरबार शहराबाहेर मिरचीच्या ज्या लांबलचक पथाऱ्या पडतात, त्यांच्या कडेने, वारा समोरून येत असताना, ज्याने एकदा तरी सायकल हाकली आहे त्याला ठसका कशास म्हणतात हे शब्दकोशात पाहावे लागत नाही; आणि सातपुड्यात, धडगाव-मोलगीच्या अंगास, नोकरीच्या निमित्ताने ज्याच्या उमेदीची काही वर्षे गेली आहेत त्याला मोहाच्या पहिल्या धारेचा घोट गळ्यापासून पोटापर्यंत कशी तप्त रेघ ओढीत जातो हे, स्वतः घेतला नसला तरी घेणाऱ्याच्या मुद्रेवरून, पुरते ठाऊक असते. हे दोन दाह सख्खे भाऊ आहेत असा संशय मात्र मला साठी उलटेपर्यंत आला नव्हता. तो आला मुंबईस, समुद्राकडे तोंड केलेल्या एका बड्या हॉटेलातील मद्यगृहात, जिथे माझ्या भाच्याने आपल्या बढतीचे निमित्त करून मला आग्रहाने नेले होते.

मंद उजेड, गुडघे रुततील असे कोच, आणि भिंतीशी जुन्या वैद्याच्या दुकानातल्यासारख्या ओळीने मांडलेल्या बाटल्या. भाच्याने कार्डावर बोट ठेवले आणि म्हणाला, "मामा, हे बघा, आपल्याकडची! मोहाची!" आली ती उंच दांडीच्या पेल्यात, वर पांढरा फेस, आत बर्फाचा एकही खडा नाही. पहिला घोट इतका शीतल आणि सौम्य की मोहाच्या फुलाचा तो गोडसर, किंचित मनुकांसारखा वास आला नसता तर ही दारू आहे यावर माझा विश्वास बसला नसता. नंतर आमच्या बोलण्यात गावाकडच्या शेताच्या वारसनोंदीचा विषय निघाला. आणि ज्याने तलाठी दप्तराचे उंबरे झिजवले आहेत तो जाणतोच की असा विषय अर्ध्या तासाच्या आत आटोपत नाही. बोलणे संपल्यावर मी पेला पुन्हा ओठांना लावला, आणि घसा जळला. पेल्यात कोणी काही ओतले नव्हते, काही काढले नव्हते. द्रव्य तेच, प्रमाण तेच, मग दाह आला कोठून? बारटेंडरला विचारले तेव्हा तो अदबीने हसला. "गरम झालं ना, सर," एवढेच त्याचे उत्तर. ते खरे होते, पण अपुरे होते, आणि त्याचा पाठपुरावा करताना मी मिरचीपासून कुल्फीपर्यंत बराच प्रदेश हिंडून आलो.

घाटावरची पूररेषा

आपल्या तोंडातील, जिभेवरील आणि घशातील मज्जातंतूंच्या टोकांवर एक विशिष्ट प्रथिन असते, ज्याचे काम पहारेकऱ्याचे आहे. तोंडात जाणाऱ्या पदार्थाचे तापमान सुमारे ४२ अंश सेल्सिअसच्या वर गेले की हे प्रथिन एखाद्या झडपेसारखे उघडते आणि मेंदूकडे 'भाजते आहे' अशी वर्दी जाते. चहाचा पहिला घोट आपण चटकन मागे घेतो तो या वर्दीमुळे. शास्त्रज्ञ या प्रथिनास टीआरपीव्ही-१ असे रुक्ष नाव देतात. डेव्हिड ज्युलियस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली ते ओळखले, आणि २०२१ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक ज्या दोघांना विभागून मिळाले त्यांतले एक तेच. हा शोध लागला मिरचीच्या मागावर. मिरचीत कॅप्सेसिन नावाचे जे तिखट द्रव्य असते ते नेमके या झडपेवर जाऊन बसते आणि तापमान काहीही असले तरी ती उघडून धरते. म्हणून मिरची 'भाजते', हात लावला तर गार असूनही.

हे अधिक स्पष्ट व्हावे म्हणून आपण प्रकाशा गावच्या घाटावर जाऊ. तापी आणि गोमाई यांच्या संगमावरील या घाटावर पावसाळ्यात एखादा पहारेकरी नेमला आहे, दगडावर एक रेघ आखली आहे, आणि पाणी त्या रेघेस लागले की त्याने दवंडी पिटायची असा हुकूम आहे, असे समजा. मिरची ही त्या पहारेकऱ्यास चिरीमिरी देणारी: पाणी कितीही खाली असो, तो ओरडत सुटतो. मद्यार्काची रीत निराळी. तो पहारेकऱ्यास हात लावीत नाही. तो रात्री येतो, दगडावरची जुनी रेघ पुसतो आणि तीच रेघ चार पायऱ्या खाली आखून जातो. ४२ अंशांची रेघ मद्यार्काच्या संगतीत सुमारे ३४ अंशांवर येते, असे प्रयोगांत आढळले आहे. आता आपल्या तोंडाचे स्वतःचेच तापमान ३७ अंशांच्या आसपास असते. म्हणजे नदीला पूर आलेला नसता, पाणी रोजच्याच पातळीवर असता, पहारेकऱ्याच्या लेखी गाव बुडू लागलेले असते. दारू जाळते ती अशी. आपणास जो विस्तव वाटतो तो बाटलीतला नसून आपल्याच देहाच्या उबेचा असतो, हे मला कळले तेव्हा मी थोडा वेळ पेल्याकडे नुसता पाहत राहिलो.

आणि मग थंडपणाचे इंगितही कळते. शून्याखाली काही अंशांवर असलेला घोट तोंडात येतो तेव्हा तो जीभ आणि घसा क्षणभर त्या खाली आणलेल्या रेघेच्याही खाली नेऊन ठेवतो. रेघ खाली आहे, पण पाणी त्याहून खाली आहे. पहारेकरी झोपलेला राहतो. अर्ध्या तासाने पेला खोलीच्या उबेस आला की रेघ तीच, पण पाणी पुन्हा तिच्या वर चढलेले, आणि दवंडी सुरू. बड्या हॉटेलातील बारची निम्मी कला, माझ्या मते, या पहारेकऱ्यास जागे न होऊ देण्याची कला आहे.

पहिली धार

परंतु पेल्यात काय होते हे समजून घेण्यापूर्वी ते पेल्यात आले कसे हे पाहिले पाहिजे, आणि त्यासाठी हॉटेलाच्या गालिच्यावरून उठून सातपुड्याच्या उतरणीवर यावे लागेल. होळीच्या सुमारास आणि चैत्रात मोहाची फुले पहाटे गळतात. झाडाखालचा पाचोळा आधीच साफ केलेला असतो, आणि उजाडण्याच्या आत बाया-पोरे टोपल्या घेऊन त्या मऊ, रसरशीत, फिकट पिवळ्या फुलांचा सडा वेचू लागतात. ही फुले वाळवली की त्यांच्या वजनाचा अर्ध्याहून अधिक भाग साखरेचाच असतो. म्हणून ती नुसती खातात, भाजून खातात, टंचाईच्या दिवसांत त्यांवर पोट भरीत, आणि म्हणूनच त्यांची दारू होते. वाळलेली फुले पाण्यात काही दिवस भिजत ठेवली की हवेतले आणि फुलांवरचे किण्व ती साखर खाते आणि मद्यार्क व कर्बवायू बाहेर टाकते. या आंबलेल्या पाण्यास विदर्भाकडे सडवा म्हणतात. आपल्याकडच्या पोलिसांच्या पंचनाम्यात ते 'कच्चे रसायन' होते.

हे पाणी मडक्यात घालून चुलीवर चढवतात, तोंड लिंपून बंद करतात, आणि बांबूच्या नळीने वाफ गार पाण्यात बसवलेल्या दुसऱ्या भांड्यात नेतात. मद्यार्क ७८ अंशांच्या किंचित वर उकळतो, पाणी १०० अंशांवर. दोहोंचे मिश्रण तापवले की निघणाऱ्या वाफेत आधी मद्यार्काचा वाटा मोठा असतो आणि पुढे पुढे पाण्याचा वाढत जातो. जत्रेच्या मोटारीत जसे चपळ ते आधी चढतात आणि म्हातारेकोतारे मागाहून, तसाच हा प्रकार. मात्र पहिल्या गर्दीतही एखाददुसरा म्हातारा असतो आणि शेवटच्यांतही एखादा तरणा, म्हणजे ही विभागणी कधीच काटेकोर नसते. मराठीत 'पहिल्या धारेची' हा शब्दप्रयोग दारूच्या पलीकडे जाऊन भाषणे, लावण्या आणि शिव्या यांनाही लागू झाला तो या पहिल्या वाफेच्या कडकपणामुळे. परंतु रसायनाचा जाणकार सांगेल की अगदी पहिले थेंब कडक असतात तसेच ओबडधोबडही. कारण मद्यार्काच्याही आधी उकळणारी, उग्र वासाची आणि झोंबणारी काही द्रव्ये त्यांत आघाडीला असतात. कारखान्यात हे 'डोके' वेगळे काढतात, शेवटचे पाणचट 'शेपूट' वेगळे काढतात, आणि मधले 'काळीज' तेवढे ठेवतात. माझ्या पेल्यातील सौम्यपणाचा पहिला वाटा येथला. विषारी दारूने माणसे मरतात, जशी जून २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणीत शंभराहून अधिक मेली, ती या आघाडीच्या थेंबांमुळे मात्र नव्हे. ती मरतात कोणीतरी औद्योगिक वापराचे मिथेनॉल दारू म्हणून विकल्यामुळे.

एक गोष्ट येथेच लक्षात ठेवावी, कारण तिची पुढे गरज आहे. वाफेचा पुन्हा द्रव होतो तेव्हा तिने चुलीवर घेतलेली सारी उष्णता ती परत करते, आणि म्हणून गार भांड्याभोवतीचे पाणी बघता बघता कढत होते व वरचेवर बदलावे लागते. पदार्थाचे रूप पालटण्यासाठी जी उष्णता घेतली किंवा दिली जाते, पण तापमापकावर दिसत नाही, तिला सुप्त उष्णता म्हणतात. माठातले पाणी याच हिशेबाने गार होते: बाहेर पाझरणारा ओलावा वाफ होताना लागणारी उष्णता माठाकडूनच वसूल करून नेतो.

या फुलांवर सरकारची नजर फार जुनी. मुंबई इलाख्याचा आबकारी कायदा १८७८ चा; आणि १८९२ साली तर खास मोहाच्या फुलांसाठी कायदा झाला, ज्याने ठाणे-कुलाब्याच्या मुलखात फुले बाळगण्यावरच निर्बंध आणले. उलट बाजूने, दारू सोडा असे सांगणारी हाकही याच डोंगरांत घुमली: १९२२-२३ साली दक्षिण गुजरात आणि खानदेशच्या आदिवासी गावांतून 'देवी'ची जी लाट गेली तिचा मुख्य आदेश दारू सोडण्याचा होता, आणि तळोद्याजवळच्या संत गुलाम महाराजांनी आपल्या अनुयायांना १९३७-३८ च्या सुमारास तोच उपदेश केला. तेव्हा मोह म्हणजे आदिवासी आणि आदिवासी म्हणजे दारू असे जे शहरी समीकरण मांडले जाते ते या जिल्ह्यापुरते तरी कच्चे आहे. स्वातंत्र्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला. पुढे महाराष्ट्राने तो सैल केला, गुजरातने १९६० पासून आजवर बंदी राखली. आमच्या नवापूर रेल्वे स्थानकात दोन राज्यांची हद्द फलाटावरून जाते, आणि एका बाकाचा अर्धा भाग महाराष्ट्रात व अर्धा गुजरातेत आहे, हे प्रवासी कौतुकाने पाहतात. त्या बाकावर मद्यपी कोणत्या अंगास बसला हे महत्त्वाचे ठरावे असा तो एकमेव बाक असेल. हातभट्टी लावणे आजही गुन्हाच आहे; पण रीतसर परवान्याने मोहाची दारू गाळणारे आता निघाले आहेत. गोव्यातून डेस्मंड नाझरेथ यांनी २०१८ साली ती बाटलीत आणली, आणि डहाणूच्या साउथ सीज डिस्टिलरीने २०२४ मध्ये. पंचनाम्यातले रसायन हॉटेलच्या कार्डावर आले ते असे.

शून्याखालचा बर्फ

आता पुन्हा बारच्या फळीशी येऊ. बारटेंडरने माझ्या देखत मोहाची दारू, लिंबाचा रस आणि साखरेचा पाक एका धातूच्या शेकरमध्ये ओतला, वरून मूठभर बर्फ घातला, झाकण ठोकले, आणि दहा-पंधरा सेकंद तो खांद्यापाशी धरून असा काही हलवला की शेजारच्या मेजावरील संभाषण थांबले. त्याने हात काढले तेव्हा शेकरवर पांढरे दव धरले होते. भाच्याने मला कोडे घातले: "मामा, बर्फ शून्य अंशांचा. मग आतलं पेय उणे पाच कसं होतं?"

प्रश्न चांगला आहे, आणि त्याचे उत्तर नंदुरबारच्या प्रत्येक कुल्फीवाल्यास अनुभवाने ठाऊक आहे. तो आपल्या हंड्यात बर्फासोबत मूठ मूठ खडेमीठ का टाकतो? नुसता बर्फ वितळताना शून्यावर थांबतो, आणि त्या थंडीत दूध गोठत नाही. मीठ पाण्यात मिसळले की त्या पाण्याचा गोठणबिंदू शून्याखाली जातो. मग बर्फ शून्याच्या खालीही वितळत राहतो, आणि वितळण्यासाठी लागणारी सुप्त उष्णता भोवतालच्या साऱ्यांकडून, स्वतःकडूनसुद्धा, सक्तीने वसूल करीत राहतो. जमाबंदीच्या कारकुनासारखा तो देणेकऱ्याची ऐपत पाहत नाही. शेकरमध्ये मिठाचे काम मद्यार्क करतो. म्हणून निव्वळ लिंबूसरबत बर्फात कितीही हलवा, ते शून्यापाशीच अडते. त्यात दारू असली की ते उणे पाचाच्या आसपास उतरते.

यातून एक गोष्ट निघते, जी गिऱ्हाइकांच्या ध्यानात क्वचित येते. पेय गार होते ते मुख्यतः बर्फ वितळल्यामुळे. बर्फ वितळतो म्हणजे पाणी होतो. आणि ते पाणी जाणार कोठे? पेल्यातच. थंडी आणि पाणी ही एकाच नाण्याने विकत घेतलेली दोन वाणे आहेत, एक घेतले की दुसरे पदरात पडतेच. 'पाणी घातलेय' ही तक्रार म्हणून कॉकटेलच्या बाबतीत निरर्थक आहे; पाणी हा त्याचा न सांगितलेला, पण मोजलेला घटक आहे.

चौकट : एका पेल्याचा स्थूल हिशेब

दारू ६० मिलिलीटर (मद्यार्क शेकडा ४०), लिंबू आणि पाक मिळून ३०, एकूण ९०. मुंबईच्या हवेत हे २८ अंशांवर असते. ते उणे ५ वर आणायचे म्हणजे ३३ अंशांची उतरण. त्यासाठी सुमारे २५०० कॅलरी उष्णता काढावी लागते. एक ग्रॅम बर्फ वितळताना ८० कॅलरी घेतो. भागाकार केला की सुमारे ३० ग्रॅम बर्फाचे पाणी होते. म्हणजे ९० चे १२० मिलिलीटर झाले, आणि मद्यार्क शेकडा ४० वरून शेकडा २० वर आला: निम्मी धार लिंबू-पाकाने आणि बर्फाने मिळून उतरवली. (येथील कॅलरी भौतिकशास्त्रातली, वजन उतरवणाऱ्यांची नव्हे.)

घुसळण आणि ढवळण

काही पेये शेकरमध्ये हलवतात आणि काही लांब चमच्याने नुसती ढवळतात. हा नखरा नसून त्यामागे विचार आहे. हलवण्याने बर्फाचे कोपरे तुटतात, चुरा होतो, पृष्ठभाग वाढतो, आणि थंडी काही सेकंदांत उतरते. गुळाची ढेप पाण्यात टाकली तर तासभर विरघळत नाही, तोच गूळ चिरून टाकला तर पाहता पाहता नाहीसा होतो, तीच ही गोष्ट. शिवाय हलवण्याने पेयात हवा कोंडते, बारीक बुडबुडे शिरतात, ते धुरकट आणि हलके होते. लिंबाचा रस असलेल्या पेयास हे शोभते. निव्वळ दारू-दारूंच्या मिश्रणास मात्र नितळपणा हवा असतो; तिथे चमचा संथपणे अर्धा मिनिट, कधी त्याहून अधिक काळ फिरवतात.

माझ्या पेल्यावरचा फेस मात्र नुसत्या हवेने टिकला नसता. रवीने ताक घुसळताना वर जो फेस येतो, किंवा हरभरे शिजवताना पातेल्याच्या कडेस जो धरतो, त्याला प्रथिनांच्या ताणलेल्या धाग्यांनी बुडबुड्यांभोवती विणलेली जाळी आधार देते. बारमध्ये याच कामासाठी अंड्यातला पांढरा भाग वापरण्याची रीत आहे. आणि अंडे नको असलेल्यांसाठी हरभरे शिजवलेले पाणी. बारटेंडरने मला ते स्वतःहून सांगितले: "सर, चण्याचं पाणी आहे, काळजी नको." आमच्या घरी ज्या पाण्याची कटाची आमटी होते किंवा जे सरळ मोरीत जाते, त्याला येथे केवढा मान!

शेजारच्या मेजावर एका गृहस्थाच्या पेल्यात बर्फाचा एकच मोठा, काचेसारखा पारदर्शक चौकोन होता. घरच्या फ्रीजचा बर्फ मध्यभागी पांढुरका असतो, कारण तो सहाही बाजूंनी आत गोठत येतो आणि पाण्यात विरलेली हवा शेवटी मध्यावर कोंडून पडते. पाणी एकाच बाजूने सावकाश गोठवले तर गोठणारी कड ही हवा पुढे लोटत नेते आणि मागे निर्मळ बर्फ राहतो. बर्फाच्या कारखान्यातील लादी गोठवताना पाण्यात हवेची नळी सोडून ते हलते ठेवतात तेही याचसाठी. मोठा चौकोन हळू वितळतो, कारण तेवढ्याच वजनाच्या बारीक खड्यांपेक्षा त्याचा पृष्ठभाग कितीतरी कमी असतो. यापलीकडे त्या पारदर्शकतेचा चवीशी संबंध आहे असे म्हणणाऱ्यांवर मी विश्वास ठेवीत नाही. पण दिसायला तो सुंदर होता, हे कबूल केले पाहिजे.

पाच द्रव्यांची पुण्याई

आंबट, गोड, कडक, पाणी आणि एखादा मसाला, या पाचांचा मेळ घालण्याची कल्पना आपल्या किनाऱ्यास परकी नाही. जॉन फ्रायर हा इंग्रज वैद्य १६७० च्या दशकात पश्चिम किनाऱ्यावर हिंडत होता. त्याने नोंदवून ठेवले आहे की गोव्यातील नेरूळच्या उत्तम दारूपासून येथले इंग्रज 'पंच' नावाचे पेय करतात, आणि पंच म्हणजे हिंदुस्थानी भाषेत पाच. सुरतेहून बुऱ्हाणपुराकडे जाणारी व्यापारी वाट तेव्हा नवापूर, नंदुरबारवरूनच जात असे. फ्रेंच प्रवासी ताव्हर्निए त्या वाटेने गेला आणि नवापूरच्या सुवासिक तांदळाचे कौतुक लिहून गेला. सुरतेच्या वखारीतील कोणा तहानलेल्या गोऱ्याने आमच्या गावच्या धर्मशाळेत पाच जिन्नस एका कटोऱ्यात ढवळले असतील अशी कल्पना करण्यास मला कोणी मनाई केलेली नाही. मुंबईत ताजमहाल हॉटेल १९०३ च्या डिसेंबरात उघडले, आणि तेथील हार्बर बार १९३३ पासूनचा, शहरातला पहिला परवानाधारक बार म्हणून ओळखला जाणारा. पण पेल्यातला विचार त्याहून अडीच शतके जुना आहे.

साखर आणि लिंबू यांचे भांडण सरबत करणारी प्रत्येक गृहिणी रोज सोडवते. फक्त एक ध्यानात घ्यावे की थंडीत जिभेला गोडी कमी कळते. म्हणून उणे पाचाच्या पेयात पाक मुद्दाम थोडा चढा घालतात, आणि म्हणूनच कोमट झालेले कॉकटेल जळते तसे चिकट गोडही लागते. माझ्या दुसऱ्या घोटाची दुर्दशा दुहेरी होती ती यामुळे.

शेवटी बारटेंडरने संत्र्याच्या सालीची एक पट्टी पेल्यावर धरून चिमटीत पिरगळली आणि बाजूस टाकून दिली. लहानपणी भावंडांच्या डोळ्यांत आपण जी साल पिळली आहे तीच ही. तिच्या तेलाचे अदृश्य तुषार पेयाच्या पृष्ठभागावर पडतात आणि प्रत्येक घोटापूर्वी नाकात शिरतात. आपण ज्याला चव म्हणतो तिचा फार मोठा भाग वासाचा असतो, हे सर्दी झालेल्यास वेगळे सांगावे लागत नाही. पुदिन्याची गंमत अधिकच: त्यातील मेंथॉल हे थंडीची वर्दी देणाऱ्या निराळ्या पहारेकऱ्यास उठवते. एका घाटावर पुराची खोटी दवंडी, दुसऱ्यावर हिमवर्षावाची. आणि आपण मध्ये बसून 'काय छान लागते' म्हणतो.

चखणा

पेयासोबत तीन वाट्या आल्या: खारे शेंगदाणे, खारवलेली ऑलिव्ह, आणि मिरची लावलेले मखाणे, ज्यांना कार्डावर पुष्कळच लांब नाव होते. चखणा हा शब्द त्या जागी उच्चारावा की नाही याचा मी क्षणभर विचार केला. भाच्याने तो मोठ्याने उच्चारला आणि प्रश्न मिटवला.

खारे देण्यामागे तहान वाढवण्याचा व्यापारी हेतू आहे ही समजूत खरीच आहे. पण मीठ आणखी एक सूक्ष्म काम करते. ते जिभेवरचा कडूपणा दाबते. पेरूच्या फोडीवर किंवा कच्च्या काकडीच्या टोकावर आपण मीठ लावतो तेव्हा तुरट-कडू चव मागे सरते आणि गोडी पुढे येते. मद्यार्काला स्वतःचा कडवटपणा असतो, तो शेंगदाण्याच्या मिठाने निवतो. शेंगदाण्याच्या तेलाचे काम पोटात. दारू जठरात थोडी आणि लहान आतड्यात भराभर शोषली जाते. जठरात अन्न, त्यातून स्निग्ध अन्न, असले की जठराचा खालचा दरवाजा सावकाश उघडतो आणि माल आतड्याच्या नाक्यावर टप्प्याटप्प्याने पोचतो. उपाशी पोटी घेतलेली दारू चढते आणि जेवणासोबत घेतलेली रेंगाळते याचे कारण एवढेच. तेल दारू 'मारते' वगैरे काही नाही, यकृताला शेवटी पुरता हिशेब चुकवावाच लागतो.

आणि मिरचीचे मखाणे? तेथेच माझे कोडे पुरते सुटले. एक मखाणा खाऊन मी त्या कोमट पेल्यातला घोट घेतला, आणि डोळ्यांत पाणी आले. मिरचीने पहारेकऱ्यास आधीच उठवले होते. मद्यार्काने रेघ खाली ओढली. दोघांनी मिळून एकाच माणसाच्या हातून दवंडी पिटवली. भाच्याने पाण्याचा पेला पुढे केला, पण तो फारसा कामाचा नव्हता, कारण कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही. ते तेला-तुपात आणि दुधातल्या प्रथिनांत गुंतते. नंदुरबारच्या मिरची बाजारात हमाली करणारी माणसे न्याहारीस ताकाचा तांब्या जवळ ठेवतात. मी ताक मागितले असते तर त्या हॉटेलाने तेही आणले असते, बहुधा दांडीच्या पेल्यात.

बारटेंडरने मात्र न विचारता दुसरा पेला गार करून आणला. तो मेजावर ठेवताच त्याच्या बाहेरच्या अंगावर हवेतली वाफ थेंबाथेंबाने धरू लागली. मोलगीच्या भट्टीवर गार भांड्यात वाफेची धार होते तीच क्रिया, फक्त येथे ती पेल्याच्या बाहेरून आणि निव्वळ पाण्याची. सातपुड्यात कोणी जाणता माणूस पिण्यापूर्वी चार थेंब भूमीवर सोडतो, पूर्वजांच्या आणि देवाच्या नावाने. माझ्या नोकरीच्या दिवसांत मी ते शेकडो वेळा पाहिले होते. सवयीने माझे बोट पेल्यात बुडले आणि एक थेंब मेजाच्या काळ्या दगडावर पडला. बारटेंडर लगबगीने फडके घेऊन आला आणि तो त्याने पुसून टाकला.

"राहू द्या," भाचा म्हणाला. पण तोवर दगड कोरडा झाला होता, आणि मी घोट घेतला. जळला नाही.